बुडायचं कुणी?

धरणाला नदीचा चिंचोळा गळा लागतो, खाली पक्का कातळ आणि वरच्या अंगाला ऐसपैस दरी. पण त्या दरीतच गाळाची जमीन असते, म्हणून माणूसही पिढ्यान् पिढ्या तिथंच नांदलेला असतो.

घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं आणि हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर दिसतं. माझ्या सासूबाई हात जोडून म्हणायच्या, "लोकांसाठी देवानं आपली जागा सोडली." आमच्या पिरनवाडी गावच्या भजनातही हेच ऐकते. मला ते पटत नाही. देवाच्या नावावर आपण माणसांचं उठणं पवित्र करून टाकतो; ज्याची चूल हलली त्याला कुणी काय विचारलं होतं?

तरी धरण नकोच, असं मी म्हणणार नाही. चंदगडच्या डोंगरात पाऊस कोसळला की खाली घटप्रभेकाठच्या गोकाकच्या घरांत पाणी शिरतं, आणि तिथली माणसंही विठ्ठलाचीच लेकरं. ऑगस्ट २०१९ मध्ये हिडकल असूनही गोकाक बुडालं. आमच्याकडून वाहणारी मार्कंडेय नदी तर धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते. तिचा लोंढा हिडकल कसा अडवणार? शिवाय पुरासाठी धरण रिकामं हवं, उसासाठी भरलेलं. पावसाच्या तोंडावर किती जागा मोकळी ठेवायची, हे ठरवताना उठवलेल्या गावांची आणि गोकाकच्या नदीकाठची माणसं समोर बसलेली हवीत. नव्या धरणासाठी जागा शोधण्याआधी मला एवढं तरी झालेलं पाहायचं आहे.