मुलांच्या संगोपनांत साहाय्य मागणें हा कमीपणा आहे काय?

लावणीच्या दिवसांत शेजाऱ्याचे हात मागावयास आपल्या खेड्यांत कोणी लाजत नाहीं. घर शाकारतांना चार माणसें बोलावण्यांतहि कोणास कमीपणा वाटत नाहीं. परंतु मुलगा ऐकेनासा झाला, मुलगी अबोल झाली, कीं तींच माणसें दार लावून घेतात. आपलीं मुलें आपणच वाढवावीं, त्यांकरितां दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाणें ही नामुष्की, असा समज सर्वत्र दिसतो. तो कितपत खरा आहे, ह्याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

गुहागर तालुक्याचेंच पाहा. उत्तरेस दाभोळची खाडी, दक्षिणेस जयगडची खाडी व पश्चिमेस समुद्र, ह्यांच्यामधील ह्या मुलखांत नारळीपोफळीच्या वाड्या आहेत, भातशेती आहे, मासेमारी आहे. तथापि एवढ्यावर भागत नाहीं म्हणून कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस जात आला आहे. २०११ सालच्या खानेसुमारींत रत्नागिरी जिल्ह्यांत दर १,००० पुरुषांमागें १,१०० हून अधिक स्त्रिया आढळल्या, त्याचें एक मोठें कारण हेंच होय. पूर्वीं चाकरमान्याची मनीऑर्डर येई. आतां पैसे दूरध्वनीवरून क्षणांत पोंचतात. पण बाप स्वतः येतो तो बहुधा गणपतीस व शिमग्यास. मागें राहिलेली आई पाणी भरते, गुरांचें पाहते, शेतांत राबते, अंथरुणास खिळलेल्या सासूचें करते, आणि मग मुलाकडे वळते. तोंपर्यंत तिचा दिवसहि संपलेला असतो आणि धीरहि. अशी माता शाळेंत जाऊन म्हणते, “गुरुजी, माझें तो ऐकत नाहीं, दोन छड्या द्या, पण त्याला वळण लावा.”

२००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें वर्ज्य केलें आहे. तेव्हां गुरुजी छडी उचलणार नाहींत, आणि तें योग्यच आहे. परंतु छडी नाकारली म्हणजे त्या मातेस उत्तर मिळालें असें नव्हे. तिच्या तोंडीं शब्द छडीचा होता. तिला हवा होता तो आधार.

येथें कोणी म्हणेल, असा आधार देत गेलें तर आईबाप आळशी होतील व आपलें कर्तव्य गांवावर लोटतील. हा आक्षेप पोकळ नाहीं. म्हणून दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. संगोपनांत कांहीं काम असें आहे कीं तें कोणाच्याहि हातून होऊं शकतें: तान्ह्यास दोन प्रहर सांभाळणें, गणित समजावणें, आजारी मुलास दवाखान्यांत नेणें. दुसरें कांहीं असें आहे कीं तें आईबापांवांचून कोणी करूं शकत नाहीं: मुलाशीं खरें बोलणें, त्याच्यासाठीं वेळ राखणें, आपल्या वागणुकीनें त्यास वाट दाखविणें. पहिल्याचा भार हलका झाला तरच दुसऱ्यास अवकाश मिळतो. जी माता पहिल्याकरितां मदत मागते, ती कर्तव्य टाकीत नाहीं. तें करतां यावें म्हणून धडपडते. उलट, पैसे पाठविले कीं आपलें ऋण फिटलें असें समजणारा पिता कोणाकडे कांहीं मागत नाहीं, तरी कर्तव्य त्यानेंच टाकिलेलें असतें. गांवानें मातेस हात द्यावा. पण त्यायोगें पित्याची सुटका होऊं देऊं नये.

साहाय्य कसें करावें, ह्याचा धडा ताराबाई मोडक ह्यांनीं घालून दिला आहे. १९४५ सालीं त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें आल्या; अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांचीं मुलें तींत येईनात. आईबाप अडाणी आहेत, असें म्हणून स्वस्थ बसणें सोपें होतें. ताराबाईंनीं तसें केलें नाहीं. मुलें येत नाहींत तर आपण त्यांच्या अंगणांत जावें, असें त्यांनीं ठरविलें; अंगणवाडी ही कल्पना तेथें रुजली. पुढें १९५७ सालापासून कोसबाडच्या टेकडीवर काम चालूं झालें. तेथें मुली शाळेंत येत नव्हत्या, कारण धाकट्या भावंडास सांभाळण्याचें काम त्यांच्याकडे होतें. म्हणून पाळणाघर, बालवाडी व शाळा हीं एकत्र आणलीं. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरविली. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें देशभर जी बालविकास योजना आरंभिली, तिच्या केंद्रांसहि अंगणवाडी हेंच नांव मिळालें. ह्यांतील मर्म एवढेंच कीं, आईबापांचा दोष शोधण्यापूर्वीं त्यांचे हात कशांत गुंतले आहेत तें पाहावें.

मात्र साहाय्य करणारानें आपली मर्यादाहि ओळखावी. मुलास शिकवून आईबापांविषयीं लाज वाटावयास लावणें, हें साहाय्य नव्हे. मुलाच्या मनांत आईबापांचें मोल वाढेल असेंच आपलें करणें असावें. ह्यास अपवाद एकच. घरांतील दारूनें वा मारहाणीनें मूल पोळत असेल, तर आईबापांच्या अब्रूपेक्षां मुलाचा जीव मोठा. अशा मुलांसाठीं १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. तो प्रत्येक शिक्षकास व उपदेशकास पाठ असावा.

तेव्हां, बंधुभगिनींनो, कोणी माता सांजवेळीं तुमच्या ओटीवर येऊन मुलाविषयीं बोलूं लागली, तर “तुम्हींच लाड केलेत” ह्या शब्दांनीं आरंभ करूं नका. प्रथम तिचें ऐकून घ्या. मग लावणीच्या आठवड्यांत तिचें तान्हें कोण सांभाळील, मुलाच्या अभ्यासास संध्याकाळीं कोण बसेल, आणि मुंबईस असलेल्या बापास, पैशाबरोबर दररोज मुलाशीं दोन शब्द बोलत जा, असें कोण सांगेल, तें तिच्या देखत ठरवा. शेताची एखादी लावणी चुकली तर पुढल्या पावसाळ्याची वाट पाहतां येते. मुलाचें बालपण तसें परत येत नाहीं. म्हणून मागणारीनें लाजूं नये, आणि देणारानें उशीर करूं नये.