गल्लीचा हक्क



दक्षिण मुंबईत डोंगरी, नळबाजार, भेंडीबाजार या भागांत ज्यांचे वास्तव्य आहे, त्यांना खोली आणि गल्ली यांतील सीमारेषा किती पुसट असते हे सांगावयास नको. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या नांदतात. स्वयंपाक सुरू झाला की पुरुष जिना उतरतात. घरातील आजाऱ्याचा डोळा लागला की मुले वह्या घेऊन मशिदीच्या पायऱ्यांवर येतात. कारखान्यातील परप्रांतीय कारागीर दिवसा जेथे जरीकाम करतात तेथेच रात्री पथारी पसरतात, आणि मधला वेळ गल्लीत काढतात. येथे गल्ली हा केवळ रस्ता नसतो. गरिबाच्या घराची ती आणखी एक खोली असते.

म्हणूनच एका प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. ज्याच्यापाशी जागाच नाही, त्याने सर्वांची जागा व्यापली तर तो दोषी ठरतो काय?

हा प्रश्न मदीनेतही उपस्थित झाला होता. ह. अबू सईद खुदरी (र.) यांनी कथन केलेली ती हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यावर बैठका मांडण्यापासून सावध केले. तेव्हा सहाबांनी आपली अडचण सांगितली, की आपसांत बोलण्या-बसण्यासाठी आम्हांला याखेरीज गत्यंतर नाही. प्रेषितांनी (स.) ती अडचण धुडकावून लावली नाही. मात्र बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, असे बजावले. तो हक्क कोणता, हेही त्यांनी सांगितले: नजर खाली ठेवणे, कोणाला उपद्रव न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाइटापासून रोखणे.

वाचकहो, या हदीसमध्ये सहाबांची गरज खरी मानली गेली आहे, आणि तरीही त्या गरजेवर एक कर्ज चढवले गेले आहे. फिकहच्या अभ्यासकांनी हेच तत्त्व नेमक्या शब्दांत बांधले: माणसाची अगतिकता दुसऱ्याचा हक्क रद्द करीत नाही. भुकेने प्राण जाण्याची वेळ आली तर परक्याचे अन्न खाण्याची मुभा आहे. परंतु जीव वाचल्यावर त्या अन्नाची भरपाई द्यावी लागते. मुभा मिळाली म्हणून देणे फिटत नाही.

हे तत्त्व मी मदरशात पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र एका शुक्रवारी कळला. जुम्याची नमाज आटोपून आम्ही बाहेर आलो, तो तिसऱ्या मजल्यावरील एका वृद्ध मातेला श्वास घेता येत नव्हता. रुग्णवाहिका आली होती, पण ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. आत दोन्ही बाजूंना नमाजींच्या दुचाकी उभ्या होत्या. त्यांत माझीही होती. अखेर चार तरुणांनी त्या मातेला खुर्चीत बसवून हमरस्त्यापर्यंत नेले. अल्लाहच्या कृपेने ती वाचली. त्या दिवशी खुत्ब्यात मी काय बोललो ते आज आठवत नाही. आपली गाडी हलवण्यासाठी खिशात किल्ली शोधणारा माझा हात तेवढा आठवतो.

या गल्ल्या अरुंद आहेत, इमारती जुन्या आहेत, पुनर्विकास वर्षानुवर्षे रखडतो; हा दोष रहिवाशांचा नव्हे, आणि त्याची दाद मागितलीच पाहिजे. परंतु दाद लागेपर्यंत जो श्वास अडकेल, त्याचा जाब कोण देणार? जुलै 2019 मध्ये डोंगरीत इमारत कोसळली, तेव्हा अवजड यंत्रे त्या चिंचोळ्या गल्लीत शिरू शकली नाहीत. मोहल्ल्यातील माणसांनी साखळी करून हातोहात ढिगारा उपसला. आपले हात असे धावून येतात, हे खरेच. तेच हात एरवी गल्लीत मालाची खोकी रचतात, हेही तितकेच खरे.

कुरआनने सूरह निसामध्ये जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तन करण्यास फर्माविले आहे. रस्त्याच्या हक्कातही येणाऱ्या-जाणाऱ्याचा धर्म, भाषा वा गाव विचारलेले नाही. तो हक्क अजून गल्लीत न पोहोचलेल्या माणसाचा आहे. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, म्हणूनच तो मारला जाणे इतके सोपे असते.

तेव्हा गल्लीत अवश्य बसा. मुलांना खेळू द्या, वडीलधाऱ्यांसाठी खुर्ची टाका. फक्त एक स्ट्रेचर निघेल एवढी वाट मोकळी ठेवा. मी आता माझी गाडी दूर ठेवून चालत येतो. गल्लीच्या तोंडाशी दोन तरुण दर शुक्रवारी उभे राहतात. त्यांची नमाज चुकू नये म्हणून आम्ही जुम्याची दुसरी जमात ठेवली आहे. वाट राखणे हाही ईमानचाच भाग आहे, रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितलेच आहे.

अल्लाह आपल्या घरांना प्रशस्तता देवो, आणि ती लाभेपर्यंत आपल्या हातून कोणाची वाट अडू न देवो. आमीन.