शिवेतरक्षती आणि श्रद्धेचे प्रयोजन

'प्रयोजन' हा शब्द काव्यशास्त्राने जितक्या काटेकोरपणे वापरला आहे, तितक्या काटेकोरपणे तो धर्मविषयक चर्चेत क्वचितच वापरला जातो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची जी प्रयोजने नोंदविली, त्यांत यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान इत्यादींच्या जोडीने 'शिवेतरक्षती', म्हणजे अमंगलाचा नाश, हेही एक प्रयोजन आहे. सूर्यस्तुतीने मयूर कवीची व्याधी दूर झाली, ही आख्यायिका त्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. आधुनिक मराठी समीक्षेने ह्या प्रयोजनाची फारशी दखल घेतलेली नाही. कवितेने रोग बरा होत नाही, हे आपण केव्हाच मान्य केले आहे आणि त्यामुळे कविता निरर्थक ठरते असे कोणी म्हणत नाही. धर्मश्रद्धेच्या बाबतीत मात्र आपला विवेक इतका स्पष्ट नसतो. जगावर युद्ध, दुष्काळ वा महामारी कोसळली की श्रद्धेचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. आणि विचारणारा आस्तिक असो की नास्तिक, त्याच्या मनात शिवेतरक्षतीचीच कल्पना असते. अमंगल टळले तर श्रद्धा सप्रयोजन, न टळले तर निष्प्रयोजन, हे ते गृहीतक. डिट्रिश बॉनहॉफर ह्या जर्मन धर्मचिंतकाच्या तुरुंगातील लेखनाच्या आधारे त्याची तपासणी करण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बॉनहॉफर (१९०६–१९४५) यांचे चरित्र आता पुरेसे परिचित आहे, आणि त्या चरित्राचा हुतात्मा-कथेत झालेला रूपांतर-व्यवहार हा त्यांच्या विचाराच्या आकलनातील मोठा अडथळा आहे. म्हणून आवश्यक तेवढेच नोंदवितो. जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले होते. तेथे सुरक्षित राहण्याची सोय मित्रांनी केली होती. अवघ्या काही आठवड्यांत ते जर्मनीला परतले. स्वजनांच्या वाट्याला आलेली परीक्षा आपण टाळली, तर युद्धानंतरच्या पुनर्घडणीत सहभागी होण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असे कारण त्यांनी राइनहोल्ड नीबूर यांना कळविले. पुढे लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या आडोशाने चाललेल्या हिटलरविरोधी कटात ते सामील झाले. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली, दीड वर्ष ते बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छावणीत त्यांना फाशी देण्यात आले. टेगेलमधून त्यांनी एबरहार्ड बेटगे ह्या मित्राला लिहिलेली पत्रे काही पहारेकऱ्यांच्या सहानुभूतीमुळे बाहेर पोचली आणि १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

ही पत्रे आहेत, प्रबंध नव्हे, ही गोष्ट समीक्षकाने तरी विसरता कामा नये. धर्मशास्त्रीय सिद्धान्त, हवाई हल्ल्यांच्या रात्री, पुस्तकांची मागणी, मित्राच्या मुलाच्या बाप्तिस्म्याविषयीचे विचार हे सारे त्यांत एकमेकांत मिसळलेले आहे. १९६३ मध्ये जॉन रॉबिन्सन यांच्या 'ऑनेस्ट टू गॉड'मुळे 'धर्मविहीन ख्रिस्तीपण' ही संज्ञा जगभर गाजली; परंतु पत्रांतून संज्ञा तेवढ्या उचलल्या गेल्या आणि संज्ञेला अर्थ देणारा संदर्भ मागेच राहिला.

२९ मे १९४४ च्या पत्रात वाइत्सेकर यांचा भौतिकीच्या विश्वचित्रावरील ग्रंथ वाचताना सुचलेला एक विचार आहे. आपल्या ज्ञानात जेथे खिंडार पडते तेथे देवाला आणून बसविणे चुकीचे आहे. कारण ज्ञान वाढेल तसे खिंडार बुजत जाते आणि देवाला मागे सरकावे लागते. हा मुद्दा विज्ञानापुरता नवा नाही. नवे आहे ते त्याचे मृत्यू, दुःख व अपराधभावना ह्यांपर्यंत केलेले विस्तारण. माणूस हतबल झाला, बुद्धी खुंटली, की धार्मिक माणसाला देव आठवतो. असा देव आयुष्याच्या मध्यभागी नसून कडेला, टेकू म्हणून उभा असतो. आपल्या म्हणीतल्या अडलेल्या हरीने ज्याचे पाय धरले, त्याच्याहून ह्या देवाची प्रतिष्ठा फार वेगळी राहत नाही! नवसाच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ह्यासाठी वेगळे उदाहरण देण्याची गरज नाही. बॉनहॉफर यांचा आक्षेप अंधश्रद्धेवर नाही, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. तो सुसंस्कृत, विद्यापीठीय, मानसोपचाराची परिभाषा वापरणाऱ्या धर्मावरही तितकाच आहे. कारण सुखी माणसाला तू आतून दुःखीच आहेस हे पटवून मग त्याच्यासमोर देव ठेवायचा, हा उद्योग तोही करतो.

मग श्रद्धेला उपयुक्ततेच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी तिला स्वायत्त मानावे काय? सौंदर्यशास्त्रात आपण हा मार्ग चोखाळला आहे. कलाकृतीचे प्रयोजन कलाकृतीतच, ही भूमिका मर्ढेकरांपासून आपल्याकडे दृढ झाली आणि रा. भा. पाटणकरांनी लौकिकतावाद व अलौकिकतावाद ह्यांच्या द्वंद्वातून तिची मर्यादाही दाखविली. श्रद्धेची स्वायत्तता म्हणजे काय, ह्याचे उत्तर जर्मनीतील धर्मसभेने प्रत्यक्ष इतिहासात दिले आहे. मे १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने, ज्याचे प्रमुख लेखक कार्ल बार्ट होते, ख्रिस्ताव्यतिरिक्त अन्य कोणत्याही सत्तेला धर्मसभेवर प्रभुत्व गाजविता येणार नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले. त्या काळी हे धैर्याचे होते. परंतु ज्यू नागरिकांच्या छळाविषयी त्या जाहीरनाम्यात एक शब्दही नाही, आणि १९६७ मध्ये बेटगे यांना लिहिलेल्या पत्रात बार्ट यांनी ह्या उणिवेबद्दल स्वतःला दोष दिला. धर्मसभेने आपले क्षेत्र शुद्ध राखले. क्षेत्राबाहेर जे घडत होते ते घडत राहिले. बाप्तिस्म्याच्या निमित्ताने मे १९४४ मध्ये लिहिलेल्या टिपणात बॉनहॉफर म्हणतात की, आपली धर्मसभा केवळ स्वतःच्या रक्षणासाठी लढली, जणू काही ती स्वतःच स्वतःचे साध्य होती. अलौकिकतावादाची ह्याहून कठोर टीका सौंदर्यशास्त्रातही सापडणे कठीण. बॉनहॉफर यांचे स्वतःचे १९३३ मधील 'धर्मसभा आणि ज्यू प्रश्न' हे निबंधलेखनही निर्दोष नाही. राज्ययंत्राच्या चाकाखाली सापडलेल्यांची मलमपट्टी करून न थांबता प्रसंगी ते चाकच रोखले पाहिजे, हा विचार तेथे आहे. आणि ज्यूंना शापित मानणारी जुनी धर्मशास्त्रीय भाषाही त्याच पानांत आहे.

साधनवाद आणि स्वायत्ततावाद ह्या दोहोंना नाकारल्यावर उरते काय? जुलै १९४४ च्या पत्रांत ह्याचे उत्तर हळूहळू आकार घेताना दिसते. ग्रोशिअसने १६२५ मध्ये कायद्याच्या संदर्भात, देव नाही असे क्षणभर धरले तरी नैसर्गिक न्याय टिकतो, असे म्हटले होते. बॉनहॉफर तीच कल्पना उचलतात आणि तिला अनपेक्षित वळण देतात: देव नाही असे धरून जगात जगावे लागते, ही गोष्ट देवासमोरच ओळखायची आहे. क्रुसावरचा देव जगातून हाकलला गेलेला, दुर्बल देव आहे. इतर धर्मभावना संकटातल्या माणसाला देवाच्या सामर्थ्याकडे वळविते. येथे दिशाच उलटते. माणसाने देवाच्या वेदनेच्या शेजारी उभे राहायचे आहे. ह्याच महिन्यात लिहिलेल्या 'ख्रिस्ती आणि अन्यधर्मीय' ह्या छोट्या कवितेची रचना नेमकी ह्या उलट्या दिशेवर उभी आहे. मार्गदर्शक विधान आधी आणि कविता नंतर, असा क्रम मानण्याचे कारण नाही. कवितेतच विचार सापडला, असेही शक्य आहे.

ह्या भूमिकेत दुःखाचे स्पष्टीकरण नाही, ही तिची उणीव वाटेल. मला ते तिचे बळ वाटते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजींचा हेतू उदात्त होता, पण ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, आणि दुःखाला अर्थ देण्याची घाई नेहमी कोणा तरी तिसऱ्याच्या देहावर आपले तर्क उभारते. त्याच वर्षी बॉनहॉफर गांधीजींच्या आश्रमात येऊन राहण्याच्या विचारात होते. गांधीजींचे निमंत्रणाचे पत्रही त्यांना मिळाले होते. पाद्र्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी अंगावर आल्यामुळे तो प्रवास राहून गेला.

तथापि वेदनेत सहभाग हे शब्द सोपे आहेत. त्यांची किंमत कटाच्या संदर्भात कळते. शांततावादी म्हणून ओळखला जाणारा धर्मोपदेशक खोटे बोलतो, दुहेरी जीवन जगतो, हत्येच्या योजनेला साथ देतो. अपूर्ण राहिलेल्या 'नीतिशास्त्रा'त त्यांनी ह्यासाठी 'अपराध पत्करणे' ही कल्पना मांडली. मराठी वाचकाला येथे दुसऱ्या एका तुरुंगातल्या ग्रंथाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तही प्रश्न हाच आहे: घोर कर्म करावे लागले तर कर्त्याचे काय? टिळकांचे उत्तर असे की, साम्यबुद्धीने, फलासक्ती सोडून केलेल्या कर्माचा लेप कर्त्याला लागत नाही. बॉनहॉफर यांच्या उत्तरात लेप लागतो आणि लागलेलाच राहतो. दुसऱ्यासाठी जबाबदारीने वागणारा माणूस स्वतःच्या निरपराधपणाची राखण करीत नाही. तो दोषी होतो आणि स्वतःला निर्दोष ठरविण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवत नाही. गीतेतील कर्ता मुक्त आहे म्हणून कर्म करू शकतो. येथील कर्त्याला मुक्ततेचे आश्वासन नाही. प्रत्येक धर्मांध मारेकरी आपण जगाच्या भल्यासाठी पाप पत्करले असे म्हणेल, हा आक्षेप दोन्ही भूमिकांवर येतो. पण जो आपल्या कृत्याला ईश्वरी आज्ञेचे समर्थन मागतो, त्याला बॉनहॉफर यांच्या मांडणीत आधार मिळत नाही, एवढा फरक आहेच. हा फरक पुरेसा आहे की नाही, हे तर्काने सिद्ध करता येईल असे मला वाटत नाही.

ह्याहून गंभीर आक्षेप दुसऱ्या बाजूने आला. गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७० च्या दशकात बॉनहॉफर यांच्या विचाराचा आदरपूर्वक परामर्श घेऊन दाखविले की, त्यांचा प्रतिपक्ष हा आधुनिक, सुशिक्षित, श्रद्धाहीन माणूस आहे. लॅटिन अमेरिकेतील धर्मचिंतनासमोर उभा आहे तो माणूस म्हणूनच न मोजला गेलेला, पण श्रद्धा बाळगणारा दरिद्री माणूस. आपल्याकडे १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील व्याख्यानात शूद्र धर्मशास्त्राची मागणी केली, आणि त्यातून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाचा प्रवाह पुढे आला. ज्याच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या वेदनाच आली त्याला वेदनेत सहभागी व्हायला सांगणे म्हणजे काय? दुर्बल देव ही बर्लिनमधील मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मुलासाठी क्रांतिकारक कल्पना असेल. गावकुसाबाहेरच्या माणसाला दुर्बलतेचा शोध लावावा लागत नाही. त्याला शिवेतरक्षतीच हवी आहे, आणि ती मागणे हे त्याच्या बाबतीत अडाणीपण नव्हे.

बॉनहॉफर यांना ह्या आक्षेपाची चाहूल नव्हती असे नाही. १९३०–३१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांची भक्तिगीते ऐकली. त्यांच्या तबकड्या ते पुढे फिंकेनवाल्डेच्या विद्यार्थ्यांना ऐकवीत. इतिहासाकडे खालून, वगळलेल्यांच्या व छळलेल्यांच्या बाजूने पाहायला आपण शिकलो, असे त्यांनी युद्धकाळातील एका अपूर्ण टिपणात लिहिले आहे. 'शिकलो' हे क्रियापद महत्त्वाचे. जो तेथेच जन्मला त्याला ते शिकावे लागत नाही, आणि शिकणाऱ्याचे धर्मशास्त्र जन्मलेल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. म्हणून मला असे वाटते की, दुर्बल देवाचा विचार ज्यांच्यापाशी निवड आहे त्यांना उद्देशून आहे: ज्यांना न्यूयॉर्कमध्ये राहता आले असते, ज्यांना आपले क्षेत्र शुद्ध राखता आले असते, त्यांना. दुःखितांना उपदेश म्हणून तो सांगितला, की तो तत्क्षणी असत्य होतो, जरी शब्द तेच राहिले तरी.

३ ऑगस्ट १९४४ च्या पत्रासोबत त्यांनी एका नियोजित पुस्तकाचा आराखडा बेटगे यांना पाठविला. तीन प्रकरणांचे ते छोटे पुस्तक व्हायचे होते. धर्मसभा इतरांसाठी असेल तरच ती धर्मसभा, हे त्यातील सूत्र पुढे वारंवार सांगितले गेले. त्याला लागूनच असलेली सूचना मात्र अभ्यासकांनी बरीचशी वाऱ्यावर सोडली: प्रारंभ म्हणून धर्मसभेने आपली सारी मालमत्ता गरजूंना देऊन टाकावी आणि पाद्र्यांनी मंडळीच्या ऐच्छिक देणगीवर किंवा एखादा सामान्य व्यवसाय करून जगावे. श्रद्धेच्या प्रयोजनाची चर्चा करताना ते वाक्य गैरसोयीचे असते. ह्या पुस्तकाच्या लेखनाला त्यांनी तुरुंगात सुरुवात केली होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना टेगेलहून गेस्टापोच्या कोठडीत हलविण्यात आले. ते हस्तलिखित सापडलेले नाही. आपल्याजवळ आहे तो केवळ आराखडा.