गाठ मारण्याआधी

तंजावरात काही तरुणांनी मिळून मोडी लिपीसाठी एक सॉफ्टवेअर लिहायला घेतले होते. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी ही मुले होती. व्यंकोजीराजे भोसल्यांच्या मागोमाग सतराव्या शतकात त्यांचे पूर्वज कावेरीकाठी आले आणि इथलेच झाले. भोसल्यांचे राज्य 1855 मध्ये संपले, पण त्या कारभाराचे पुष्कळ मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात राहिले. ते वाचायला लोकांना मदत व्हावी, एवढीच मुलांची इच्छा होती. काम सगळ्यांसाठी खुले होते. कोणीही कोड घ्यावा, सुधारावा, परत द्यावा.

वर्षे गेली. कोड ठेवण्याच्या एका रेपोचे दहा झाले, दहाचे तीस झाले. कोणी नोकरीला चेन्नईला गेला, कोणी पुण्याला. निम्म्या रेपोंना कोणी वाली उरला नाही. नवा माणूस यायचा, चुकून जुनाच कोड उतरवून घ्यायचा, तो चालायचा नाही. मग तो प्रश्न लिहायचा आणि उत्तराची वाट पाहून निघून जायचा.

एका संध्याकाळी सगळे अक्काच्या ओसरीवर जमले. अक्का सर्वांत थोरली, पहिला कोड तिचा.

धाकटा म्हणाला, “अक्का, मेलेले रेपो सगळे पुसून टाकू. घर स्वच्छ होईल.”

दुसरा म्हणाला, “कशाला? पडले आहे ते पडू दे. कोणाचे काय खाते?”

अक्काने दोघांचे ऐकून घेतले. मग म्हणाली, “2016 च्या मार्चमध्ये एकाने आपला अकरा ओळींचा कोड रागाने काढून घेतला. लेफ्ट-पॅड त्या कोडचे नाव. त्या अकरा ओळींवर जगभरची हजारो कामे उभी होती, ती काही तास अडली. आपल्या कोडवर कोण उभे आहे, आपल्याला काय ठाऊक? आठ दिवस कशालाच हात लावू नका.”

त्या आठ दिवसांतच साताऱ्याहून एका गृहस्थांचे पत्र आले. घराण्याचे जुने कागद त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षे बसून संगणकावर उतरवले होते. वडील आता नव्हते. फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसायची. काही करता येईल का, असे त्यांनी विचारले होते.

अक्काला कारण लगेच कळले. युनिकोडमध्ये मोडीला स्वतःची जागा मिळाली ती जून 2014 मध्ये. त्याआधी फॉन्ट करणारे रोमन अक्षरांच्या जागी मोडीचे आकार बसवत. तो फॉन्ट हरवला की मजकूरही हरवला. मात्र जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारा एक छोटा प्रोग्राम मुलांनी पूर्वी लिहिला होता. धाकट्याच्या पुसण्याच्या यादीत तो पहिला होता.

धाकटा मुकाट्याने कामाला बसला. कोड होता, पण तो कोणत्या फॉन्टसाठी, कोणत्या आवृत्तीत नीट चालत होता, का सोडून दिला, यातले काहीच कुठे लिहिलेले नव्हते. लिहिणारा कुठे गेला तेही कोणाला ठाऊक नव्हते. धाकट्याच्या कितीतरी रात्री त्यात गेल्या.

शेवटी दमून तो ग्रंथालयात मोडी वाचणाऱ्या काकांकडे गेला. काकांचे उभे आयुष्य जुन्या कागदांत गेले होते. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, “सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करवले, हे तुला कसे कळले?”

“त्यांच्या नोंदी इथे आहेत ना, काका.”

“आहेत. रुग्ण कोण, डोळ्याला काय झाले, उपचार काय केला, हे तेव्हाच कोणीतरी लिहून ठेवले. राजे 1832 मध्ये गेले. आपल्या काळातल्या नेत्रवैद्यांनी त्या नोंदी अभ्यासल्या. लिहिणाऱ्याला हे वैद्य दिसले होते का?”

धाकटा गप्प राहिला.

“आणि कागद नुसते राहून भागत नाही,” काका म्हणाले. “बर्नेल नावाचा इंग्रज न्यायाधीश इथे होता. त्याने इथल्या संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली, ती 1880 मध्ये छापली गेली. मग दूरच्या अभ्यासकालाही कळले की आपली पोथी तंजावरात आहे. कागद बांधलेल्या रुमालात काय आहे ते बाहेर लिहिलेले नसेल, तर मला गाठ सोडून पहिल्या कागदापासून वाचत बसावे लागते बाळा.”

साताऱ्याच्या फाइली अखेर वाचता आल्या. त्यानंतर सगळे पुन्हा ओसरीवर बसले. या वेळी वाद झाला नाही. धाकट्यानेच कागद पुढे ओढला.

प्रत्येक जुन्या रेपोच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, सुरुवातीलाच चार गोष्टी लिहायच्या ठरल्या: हे काय करत होते, का थांबले, शेवटची नीट चालणारी आवृत्ती कोणती, आणि आता कुठे जावे. लिहिणाऱ्यांची नावे आणि परवाना जसाच्या तसा ठेवायचा. उघडे प्रश्न उत्तर देऊन बंद करायचे. मग रेपो आर्काइव्ह करायचा, म्हणजे तो वाचता येईल, त्याची प्रत घेता येईल, पण त्यात नवे काही लिहिता येणार नाही. एक प्रत सॉफ्टवेअर हेरिटेजमध्येही आहे ना, ते पाहायचे. जगातला कोड जपण्यासाठी 2016 मध्ये सुरू झालेले ते भांडार आहे.

एकेक रेपो करता करता पावसाळा संपला. नवी माणसे आता रीडमी वाचून थेट चालू कोडकडे वळू लागली. जुने शोधणाऱ्यालाही त्याचे जुने सापडू लागले.

काम थांबवण्यात कमीपणा नाही. कुठलेही काम कधीतरी थांबतेच. पण ते पुसून टाकणारा उद्याच्या माणसाचा हक्क पुसतो, आणि तसेच टाकून जाणारा आपले ओझे त्याच्या डोक्यावर देतो. जो थांबताना चार ओळी लिहून मग गाठ मारतो, त्याचे काम तो नसतानाही कोणाच्या तरी उपयोगी पडते. त्या चार ओळी कामाचाच भाग आहेत. त्या लिहिल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये.