विदूषकाचा प्रश्न आणि गुरुजींची मूर्ती

विद्यापीठात चिकित्सक विचार शिकवता येतो का, हा प्रश्न वरवर अध्यापनशास्त्राचा वाटला तरी मुळात तो ज्ञान आणि अधिकार यांच्या नात्याचा, म्हणजेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. एखादे विधान मान्य करण्यापूर्वी त्याला आधार कोणता, ते कोणाच्या अनुभवातून आले आणि ते खरे मानले तर कोणाच्या वाट्याला काय येते, हे तपासण्याच्या सवयीला चिकित्सक विचार म्हणावे, तर ही सवय दुसऱ्याच्या सांगण्यावरून लावून घेण्यात एक उघड विसंगती आहे. कारण जो विद्यार्थी शिक्षकाने सांगितले म्हणून चिकित्सा करू लागतो, त्याने चिकित्सेच्या नावाखाली आज्ञाच पाळलेली असते. चित्रपट, मालिका, गाणी, जाहिराती आणि त्यांतून घडणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या प्रतिमा यांच्या आधारे विचार करायला शिकवण्याची पद्धत गेल्या अर्धशतकात अनेक विद्यापीठांत रुजली आहे. तिच्यात ही विसंगती अधिकच टोकदार होते, कारण इथे तपासायची वस्तू विद्यार्थ्याच्या आवडीची, घरातली, कधी श्रद्धेची असते आणि तिच्यावरचा प्रश्न त्याला स्वतःवरचा प्रश्न वाटतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाची मांडणी विद्यापीठ स्थापन होण्याच्याही आधी एका नाटकाने केली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि पुढे १९७९ पर्यंत ते छापलेही गेले नाही. एका कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहदशेची भीती घालतो, आणि त्या भीतीपोटी दक्षिणा व ब्राह्मणभोजनासाठी हे गरीब जोडपे कर्जात उतरते, एवढेच त्याचे कथानक आहे. मात्र नाटकाचे खरे बळ कथानकात नसून विदूषकात आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा सोबती असतो. फुल्यांचा विदूषक पात्रांच्या आणि प्रेक्षकांच्या मधे उभा राहतो, जोशी जे बोलतो त्यामागचा हिशेब उघड करतो आणि चाललेला प्रसंग मधेच अडवून तो असा का चालला आहे हे विचारतो. प्रेक्षकाने जे मनात करायला हवे ते तो रंगमंचावर करून दाखवतो. फसवणूक ध्यानात आल्यावर नवरा-बायको दोघेही फुले पतिपत्नींच्या रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. म्हणजे शाळा ही प्रश्नाच्या आधी येत नाही, प्रश्न पडल्यावर शाळेची गरज भासते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि आजच्या बहुतेक अभ्यासक्रमांत तो उलटा झालेला दिसतो. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात अनेक वर्षे अध्यापन केलेल्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी २०१० मध्ये आपल्या अध्यापनविषयक मांडणीसाठी याच नाटकाचे नाव घेतले, ते या दृष्टीने अगदी योग्य होते.

पश्चिमेत या पद्धतीला जी सैद्धांतिक बैठक मिळाली, तिच्या एका टोकाला थिओडोर अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर आहेत. करमणूक ही कारखान्यात तयार होणारी वस्तू असून ती प्रेक्षकाची विचारशक्ती झोपवते, असे त्यांनी १९४० च्या दशकात मांडले. दुसऱ्या टोकाला बर्मिंगहॅमच्या संस्कृती-अभ्यास केंद्रातले स्टुअर्ट हॉल आहेत, ज्यांनी १९७३ मध्ये असे दाखवले की निर्मात्याने कार्यक्रमात भरलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतोच असे नाही. तो त्याला मान्यता देतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याच्या थेट विरोधात जाऊन तो वाचतो. या दोहोंत हॉल यांची भूमिका अध्यापनाला अधिक उपयोगी आहे, कारण प्रेक्षक मुळातच झोपलेला आहे असे धरून चालणारा शिक्षक त्याच्याशी संवाद करू शकत नाही, फक्त त्याला जागे करण्याचा आव आणू शकतो. स्त्री-प्रतिमांच्या अभ्यासात सर्वाधिक वापरली गेलेली संकल्पना मात्र लॉरा मल्वी यांची आहे: चित्रपटाचा कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक हे तिघे एकाच पुरुषी नजरेने स्त्रीकडे पाहतात आणि त्या नजरेत ती पाहण्याची वस्तू होऊन राहते, असे त्यांनी १९७५ च्या निबंधात हॉलिवूडच्या चित्रपटांवरून सांगितले. ही संकल्पना समजायला सोपी, वापरायला हाताशी आणि अनेकदा अचूकही आहे. अडचण नेमकी तिच्या या सोयीतच आहे.

लावणीचे उदाहरण घेतले की ही अडचण स्पष्ट होते. मराठी चित्रपटातली एखादी लावणी वर्गात दाखवावी आणि पुरुषी नजरेची कल्पना समजावून द्यावी. थोड्याच वेळात विद्यार्थी कॅमेऱ्याचे कोन, फेटेवाल्या प्रेक्षकांचे चेहरे, उडणारे पैसे आणि नर्तकीच्या देहाचे तुकड्यातुकड्यांनी होणारे दर्शन ओळखू लागतात, आणि निकाल लागतो की इथे स्त्रीचे वस्तूकरण झाले आहे. निकाल खोटा नसतो, पण त्यात पायांत घुंगरांचा भार बांधून रात्रभर उभी राहणारी, ताल, अदा आणि समोरच्याला जागेवरच उत्तर देणारी हजरजबाबी बोली वर्षानुवर्षांच्या मेहनतीने कमावणारी बाई कुठेच नसते. संगीतबारीच्या थिएटरात ती मालकाशी हिशेब करते, साजिंद्यांना सांभाळते, अनेकदा माहेरचे सगळे कुटुंब पोसते, आणि ती बहुधा कोल्हाटी, महार, मांग यांसारख्या जातीत जन्मलेली असते, कारण या व्यवसायात कोणी यायचे हे जातीनेच ठरवून ठेवले होते. रेगे यांनी लावणीवरच्या आपल्या अभ्यासात हाच धागा पकडला: पेशवाईत बहरलेल्या शृंगारिक लावणीमागे खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या स्त्रियांच्या श्रमावर आणि लैंगिकतेवर सत्तेने मिळवलेला ताबा आहे, आणि तो ताबा समजून घेतल्याखेरीज लावणीला केवळ अश्लील म्हणणे किंवा केवळ लोककलेचे वैभव म्हणणे, दोन्ही अपुरे आहे. अमेरिकेत बेल हुक्स यांनी मल्वी यांच्या मांडणीला असाच प्रश्न विचारला होता, की पडद्यावरच्या गोऱ्या स्त्रीकडे पाहणारी कृष्णवर्णीय प्रेक्षक स्त्री या सिद्धांतात कुठे आहे.

सिद्धांत हाती आल्याबरोबर विचार थांबतो, ही गोष्ट शिक्षकांनी गांभीर्याने घ्यायला हवी. जोशाच्या पंचांगात जसे प्रत्येक संकटाचे उत्तर आधीच लिहिलेले असते, तसे पुरुषी नजर, पितृसत्ता, बाजारशाही या शब्दांत प्रत्येक चित्रपटाचे उत्तर आधीच लिहिलेले असेल, तर विद्यार्थ्याने पंचांग बदलले आहे, पंचांग पाहण्याची सवय बदललेली नाही. शिवाय असे तयार निकाल पुस्तकात राहत नाहीत, त्यांचे परिणाम माणसांच्या पोटावर होतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने अश्लीलतेच्या कारणाखाली तमाशावर बंदी घातली आणि नंतर संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तो पुन्हा सुरू झाला. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली, तेव्हा स्त्रीच्या प्रतिष्ठेची भाषा बंदीच्या बाजूने वापरली गेली, आणि ज्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता त्या नाचणाऱ्या स्त्रियांचा रोजगार गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम केला. बंदीच्या वेळी स्त्रीवादी आणि दलित चळवळींतच तीव्र मतभेद झाले, कारण जातीने लादलेला व्यवसाय टिकवावा का, आणि तो बंद केला तर त्या स्त्रीने काय करावे, या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी न्याय देणारे सोपे उत्तर नव्हते. सुधारणेची बाजूही या पेचातून सुटलेली नाही. तमाशाचाच साचा घेऊन सत्यशोधक जलशांनी गावोगाव चिकित्सक विचार पोहोचवला, हे लोकप्रिय कलेतून झालेल्या प्रबोधनाचे फार मोठे उदाहरण आहे. पण त्या जलशांत शृंगारिक लावणीला आणि ती सादर करणाऱ्या स्त्रीला जागा नव्हती. ज्या मंचाने जोशाला प्रश्न विचारला, त्याच मंचावरून ती बाई वगळली गेली, हे विद्यार्थ्यांना सांगितल्याने सत्यशोधकांचे मोठेपण कमी होत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध, आणि शिक्षकाला सर्वांत अवघड जाणारा मराठी चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२). गावाला सन्मार्गाला लावणारे आदर्श गुरुजी तमाशाचा फड गावाबाहेर घालवतात, पण फडातल्या चंद्रकलेच्या ओढीने स्वतःच त्यात गुंततात. पुढे एका खुनाच्या प्रकरणात गुरुजीच मारले गेले असा गावाचा समज होतो, आणि ओळख हरवून तमाशासोबत राहणाऱ्या गुरुजींवर अखेर गुरुजींच्याच खुनाचा आरोप येतो. आपण कोण आहोत हे एका वाक्यात सांगितले तर ते सुटतील, पण गावाच्या मनातली गुरुजींची मूर्ती भंगेल. म्हणून ते गप्प राहतात आणि शिक्षा स्वीकारतात. ज्या ‘द ब्लू एंजल’ (१९३०) या जर्मन चित्रपटावर हे कथानक बेतले आहे, त्यातला प्राध्यापक मुळातच तुसडा आणि दरारा गाजवणारा असून त्याच्या अधःपतनात वाचवण्याजोगा आदर्श उरत नाही. आदर्श वाचवण्यासाठी सत्य लपवणे ही मराठी रूपांतराची स्वतःची भर आहे, आणि ती पन्नास वर्षे प्रेक्षकांना हेलावत आली आहे.

या शेवटावर वर्गात किती तरी वेळ थांबता येते. बाईच्या नादाने साधुपुरुष बुडाला ही जुनी समजूत चित्रपट पुन्हा सांगतो का, हा पहिला प्रश्न विद्यार्थी सहज विचारतात. त्याहून खोल प्रश्न असा की, खोट्या समजुतीवर उभी असलेली श्रद्धा चांगले आचरण घडवत असेल तर ती तशीच राहू द्यावी का. गुरुजींचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते उथळ नाही. गावातली मुले दारूपासून दूर राहतात ती गुरुजींकडे पाहून, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही हे उत्तर स्वीकारता येत नाही, कारण त्यात गावाला सत्य पेलण्याइतके प्रौढ मानलेले नाही. ज्यांच्या भल्यासाठी मौन पाळले त्यांनाच अज्ञानात ठेवण्याचा अधिकार गुरुजी स्वतःकडे घेतात, आणि तमाशातली बाई वाईट व गुरुजी निष्कलंक हा गावाचा हिशेब कायमचा चुकीचा राहतो. त्या चुकीची किंमत गुरुजी प्राणांनी देतात हे खरे, पण पुढच्या प्रत्येक फडातली बाईही ती देत राहते. ‘तृतीय रत्न’मधल्या विदूषकाला या गावात प्रवेश मिळाला असता तर त्याने पहिला प्रश्न गुरुजींनाच विचारला असता.

हा चित्रपट शिकवणाराही गुरुजीच असतो, आणि इथे सुरुवातीची विसंगती पुन्हा समोर येते. तिच्यावर संपूर्ण उपाय नाही, पण भारतीय तर्कपरंपरेत एक शिस्त आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार मानले: सत्य शोधण्यासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडण्यासाठी होणारी ती वितंडा. वादात स्वतःचा सिद्धांत मांडण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध मत, त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावे लागते. लोकप्रिय संस्कृतीच्या वर्गात हा पूर्वपक्ष म्हणजे विद्यार्थ्याला झालेला आनंद. लावणी पाहताना अंग का डोलले, ‘पिंजरा’च्या शेवटी डोळे का भरले, याचे पूर्ण आणि प्रामाणिक वर्णन झाल्याशिवाय टीकेला सुरुवात होऊ नये. तसे झाले नाही तर वर्गात वितंडा वाढते. विद्यार्थी प्रत्येक गाण्यातला दोष दाखवायला शिकतो, आणि आपण कुठे उभे राहून तो दाखवत आहोत हे त्याला विचारलेच जात नाही. परीक्षा या रोगात भर घालते, कारण कोणत्या निष्कर्षाला गुण मिळतात हे विद्यार्थ्याला पहिल्या सत्रातच कळते. ज्या मताशी आपण असहमत आहोत त्याची सर्वांत भक्कम मांडणी करा, असा प्रश्न उत्तरपत्रिकेत विचारला गेला तर या सवयीला काही आळा बसू शकेल.

चिकित्सेने श्रद्धा नष्ट होते ही भीतीही या संदर्भात तपासून घ्यायला हवी. जोशाचा हिशेब उघडा करणाऱ्या फुल्यांनी ईश्वर नाकारला नाही. सर्वांना निर्माण करणाऱ्या निर्मिकावर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी त्या विश्वासाला स्त्री-पुरुष समतेची जोड दिली. त्यांची चिकित्सा श्रद्धेच्या विरोधात नसून श्रद्धेच्या दलालीच्या विरोधात होती. आवडत्या गाण्याचेही तसेच आहे: ते कोणाच्या श्रमातून आले हे कळल्यावर ते आवडेनासे झालेच पाहिजे असे नाही, मात्र आवडण्यासोबत आता एक जबाबदारी येते.

ही जबाबदारी वर्गात सर्वांवर सारखी पडत नाही. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेली मुले-मुली आहेत, आणि लावणीवरचा तास चालू असताना एखाद्या बाकावर अशी मुलगी बसलेली असू शकते, जिची आई किंवा मावशी फडात उभी राहते. इतरांसाठी जे उदाहरण आहे, ते तिच्यासाठी घर आहे. तिने बोलावे अशी अपेक्षा केली तर तिला जातीची प्रतिनिधी करून टाकण्याचा धोका असतो. तिला विसरून बोलले तर तिच्या आईवर तिच्यासमोर निकाल दिला जातो. शिक्षकाने आधी काही ठरवून हा पेच सुटत नाही. तो एवढेच करू शकतो की लावणीवरचा प्रत्येक शब्द ती मुलगी ऐकते आहे असे धरून बोलेल, आणि ज्या दिवशी ती स्वतःहून त्याचे म्हणणे खोडून काढेल त्या दिवशी स्वतःची टिपणे बाजूला ठेवून तिला पुरावा मागेल, इतर कोणालाही मागितला असता तितकाच.