बॅग कोणी भरायची?

शाळेची परदेश सहल ठरली की आधी पालकसभा होते. पुण्या-मुंबईकडच्या कितीतरी शाळा हल्ली आठवी-नववीच्या मुलांना जपानला, सिंगापूरला नेतात. अशा सभांमध्ये शिक्षिका म्हणून मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत आले आहे. जेवणाचे प्रश्न लवकर मिटतात. शाकाहारी मिळेल का, मेतकूट-खाकरे चालतील का, गरम पाणी असेल का. मग एखादी आई उठते आणि आवाज खाली आणून म्हणते, "मॅडम, आमचा फार वेंधळा आहे हो. पासपोर्ट वगैरे त्याच्याकडे देणार नाही ना तुम्ही?" हा प्रश्न एकटीचा नसतो, निम्म्या सभेच्या मनात तो असतो. आणि ज्याच्याबद्दल तो विचारला जातो तो मुलगा तिथे नसतो, कारण सभेला त्याला बोलावलेलंच नसतं. सहल त्याची, बॅग त्याची, पासपोर्टवरचा फोटोही त्याचा. तयारीची चर्चा मात्र इतर सगळे करतात.

या मुलाला मी चांगली ओळखते. तो मठ्ठ नसतो आणि उर्मटही नसतो. शिंकानसेनच्या, म्हणजे जपानच्या वेगवान रेल्वेच्या, कुठल्या गाडीचं नाक किती लांब आहे हे त्याला तोंडपाठ असतं. पण रेनकोट बसमध्ये राहतो, डबा वर्गात राहतो, सहीसाठी दिलेला कागद दप्तराच्या तळाशी चुरगळून पडतो. मोठी माणसं याला बेजबाबदारपणा म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणून जबाबदारीवर भाषण देतात. भाषण त्याला कळतं, पटतंही. तरी दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली राहतेच. कारण जे कमी पडतंय ते समजेच्या किंवा नीतीच्या खात्यातलं नाहीच. पुढे करायची गोष्ट नेमक्या वेळी आपसूक आठवणं, हातातलं काम सोडताना मागे काय राहिलं ते पाहणं, वेळेचा अंदाज बांधणं, ही कामं मेंदूच्या पुढच्या भागावर फार अवलंबून असतात आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. काही मुलांमध्ये हा उशीर अधिक असतो. काहींना अवधानाचा विकारच असतो, तिथे डॉक्टरांची मदत घ्यायलाच हवी. चौदाव्या वर्षी ज्याचं हे यंत्र अर्धवट जुळलेलं आहे, त्याला "जरा लक्ष ठेव" म्हणून सांगणं हे काही सांगणंच नव्हे.

मग इतकी वर्षं त्याचं चाललं कसं? चाललं, कारण त्याच्या वतीनं दुसरं कोणीतरी लक्षात ठेवत होतं. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात हे दुसरं कोणीतरी बहुतेक वेळा आई असते. "आई, माझं आयकार्ड?" या हाकेला स्वयंपाकघरातून उत्तर येतं, "टीव्हीच्या बाजूला, परवाच्या पँटच्या खिशात बघ." तिला स्वतःच्या नोकरीचं, बिलांचं, आजीच्या गोळ्यांचं सगळं लक्षात ठेवायचं असतं, त्यावर हेही. ते ती इतक्या सहज करते की घरात कोणाला ते काम वाटतच नाही. वेंधळा मुलगा कोणाच्या तरी न थकणाऱ्या टापटिपीवर उभा असतो. आणि मी पाहिलंय, याच वयाच्या मुलींच्या बॅगा बऱ्याचदा नीट असतात. मुलींचा मेंदू वेगळा असतो वगैरे स्पष्टीकरणं मला देऊ नका. तिला दहाव्या वर्षापासून कपड्यांच्या घड्या घालायला लावलेल्या असतात, धाकट्या भावाचा डबा भरायला सांगितलेला असतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. विमानतळावर आई सुरक्षातपासणीच्या अलीकडे राहते, आणि मुलाच्या स्मरणशक्तीचा मोठा हिस्सा तिच्याबरोबर तिथेच राहतो.

म्हणून मला सगळ्यात धोकादायक वाटते ती आईनं उत्तम भरलेली बॅग. कपडे दिवसवार पिशव्यांमध्ये, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, स्वेटर तळाशी, औषधं आतल्या कप्प्यात. बॅग देखणी असते, पण ती ज्याची आहे त्याला आत काय आहे ते माहीत नसतं. क्योतोत संध्याकाळी गार वारा सुटतो आणि मुलगा कुडकुडत सांगतो की स्वेटर आणलाच नाही. रात्री मी बॅग उघडायला लावते, तर दोन स्वेटर निघतात. तिसऱ्या दिवसापर्यंत ती सुबक रचना उसकटलेली असते, कारण ती पुन्हा लावणारे हात पुण्यात आहेत. चौथ्या दिवशी चेन लागत नाही. वस्तू शोधून काढण्याची खूण भरणाऱ्याच्या डोक्यात तयार होते, ज्यानं भरली नाही त्याच्याकडे ती खूण नसते. इतका साधा हिशेब आहे.

गंमत म्हणजे आपण मुलांना नेतो त्या जपाननं स्मरणशक्तीवर भरवसा न ठेवण्याची कला फार पुढे नेलेली आहे. तिथल्या आगगाडीचा चालक सिग्नलकडे हात करून, बोट रोखून, सिग्नल कुठला आहे ते मोठ्यानं म्हणतो. फलाटावरचा कर्मचारीही रुळांकडे आणि दारांकडे बोट दाखवून तसंच करतो. या पद्धतीला ते 'शिसा कांको' म्हणतात आणि ती शंभरेक वर्षं चालत आली आहे. तिथल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेनं १९९४ मध्ये केलेल्या प्रयोगात नुसतं बघून काम करण्याच्या तुलनेत बोट दाखवून बोलल्यानं चुका साधारण एक षष्ठांशावर आल्या. जगातल्या सर्वांत वक्तशीर रेल्वेचे प्रशिक्षित, अनुभवी, प्रौढ कर्मचारी मनावर विसंबत नाहीत. डोळा, हात, तोंड आणि कान असे चार साक्षीदार ते उभे करतात.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे. अमेरिकेतले शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांच्या वडिलांचं गाव विदर्भातलं उटी. जागतिक आरोग्य संघटनेसाठी अतुल यांच्या नेतृत्वाखाली शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर वाचायची एक यादी तयार झाली. त्यात मुद्दे अवघे एकोणीस, आणि तेही किती साधे: रुग्ण हाच ना, शस्त्रक्रिया कुठल्या बाजूची, बोळे आणि सुया मोजल्या का. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्णात सर्जनला यादी लागते, यात कोणाला त्याचा कमीपणा वाटत नाही. मग नववीतल्या मुलानं दाराला यादी चिकटवली तर "एवढंही लक्षात राहत नाही?" असं आपण का म्हणतो? ज्यांना आपण व्यवस्थित माणसं म्हणतो त्यांनी आपली व्यवस्था डोक्याबाहेर मांडलेली असते: किल्लीची खुंटी, पाकिटाचा ठरलेला खिसा, झोपण्यापूर्वी दाराशी ठेवलेली पिशवी. मुलाला द्यायची आहे ती ही मांडणी, आणि ती त्याची त्यानं बसवलेली हवी. आईनं लिहिलेली तीस कलमांची यादी तो वाचत नाही. त्यानं स्वतः वहीच्या पानावर वाकड्या अक्षरात लिहिलेली सात नावं तो वाचतो.

इथे पालकांची भीती मी हलकी लेखत नाही. या सहलीला लाखांत पैसे लागतात. काही घरांनी त्यासाठी ठेव मोडलेली असते. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावासात अर्ज, आणि हाती पडणारा आपत्कालीन दाखला फक्त भारतात परतण्यापुरता. एक शिक्षक त्या मुलासाठी मागे राहतो आणि उरलेल्या मुलांची सहलही विस्कटते. असल्या गोष्टीत शिकवण्याचा प्रयोग कोणी करू नये. जपानच्या कायद्यानुसार परदेशी पाहुण्यानं पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा असतो, पण सोळा वर्षांखालच्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे नववीच्या मुलांचे पासपोर्ट शिक्षकांकडे राहणं हेच योग्य. औषधांचंही तसंच. अवधानाच्या विकारावरची अॅम्फेटामाइन असलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीसकटही नेता येत नाहीत. मुलाला नेमकं काय चालू आहे आणि ते तिथे चालतं का, हे पालकांनी आणि शाळेनं महिनाभर आधी तपासायचं असतं. पासपोर्ट, औषध, संपर्काचे क्रमांक आणि ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर असणं, एवढ्यावर मोठ्यांचा पहारा हवा आणि तो कडक हवा.

बाकीचं सगळं हरवू द्यावं. टोपी, छत्री, एक मोजा, सहलीत घेतलेलं कीचेन. हे मी बेफिकिरीनं म्हणत नाही. पालक ज्या आवाजात पासपोर्टबद्दल बजावतात त्याच आवाजात टॉवेलबद्दलही बजावतात, आणि मुलाच्या कानाला दोन्ही सारखंच लागतं. वीस गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या असल्या की त्यातली एकही महत्त्वाची राहत नाही. टॉवेल विसरला तर एक दिवस गैरसोय होते आणि ती गैरसोय त्याला जे शिकवते ते आपल्याला जमलेलं नसतं. शिवाय हरवण्यासाठी जपानइतका दयाळू देश शोधून सापडायचा नाही. एकट्या टोक्योच्या पोलिसांकडे २०१९ मध्ये चाळीस लाखांहून जास्त सापडलेल्या वस्तू जमा झाल्या. कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, त्यांच्या 'कोबान'मध्ये, मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून "माझी निळी सॅक" एवढं स्वतः सांगून आलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. सॅक मिळणं न मिळणं दुय्यम. तो एका अनोळखी माणसासमोर उभा राहून आपली अडचण आपल्या तोंडानं बोलला होता.

ही तयारी सहलीच्या आदल्या रात्री होत नाही. निदान महिनाभर आधी त्यानं बॅग भरावी, पूर्ण रिकामी करावी, पुन्हा भरावी. ती उचलून दोन जिने चढावेत, म्हणजे चार जीन्स कशाला हव्यात हा प्रश्न त्यालाच पडतो. शिंकानसेन मधल्या स्थानकावर जेमतेम एखाद-दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात चाळीस मुलं सामानासकट उतरायची असतात, तिथे कोणी कोणाची बॅग ओढत नाही. खोली सोडताना काय करायचं तेही घरीच घोटवून घेता येतं. दारात उभं राहून बोट दाखवत मोठ्यानं म्हणायचं: उशीखाली, सॉकेट, बाथरूम, कपाट, पलंगाखाली. पहिल्यांदा मुलं हसतात. मी हसू देते, पण म्हणायला लावतेच. दातांची क्लिप टिश्यूत गुंडाळून बेसिनवर ठेवलेली, चार्जर अडॅप्टरसकट सॉकेटमध्येच राहिलेला, चष्मा चादरीच्या घडीत, या सगळ्या वस्तू अशाच सापडलेल्या आहेत.

आणि फोन. याबद्दल मी कळकळीनं बोलते, कारण सगळी तयारी इथे वाया जाते. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मुलांनी सकाळी सातला उठायचं, तर पुण्यात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्या वेळेचा गजर लावून, मुलाला फोन करून उठवणाऱ्या आया मला माहीत आहेत. "ऊठ, ब्रश कर, कार्ड गळ्यात घातलंस का, पाणी घेतलंस का." त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, मला त्यांची काळजी वाटते. ती बाई त्या आठवड्यात झोपत नाही, आणि मुलगा सात हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करूनही घरातून बाहेर पडत नाही. खोलीतल्या दुसऱ्या मुलाला उठवायला सांगणं, घड्याळाचा गजर लावणं, उशिरा उठून सगळ्यांसमोर बसमध्ये चढणं, यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. दिवसातून एकदा, संध्याकाळी, ठरल्या वेळी फोन. त्यात "काय पाहिलंस" हे विचारावं. "काय विसरलास" हे विचारू नये.

काही शाळा 'जबाबदार' मुलांनाच परदेशी नेतात. शिक्षकांचा ताण मी जाणते, तरी ही निवड मला अन्यायाची वाटते. जो आधीच सावरलेला आहे त्याला आणखी सावरायची संधी, आणि ज्याला तिची गरज आहे तो घरी. सावरणं बाहेर पडल्यावरच कसं जमतं, त्यासाठी गांधींचं पाहा. १८८८ च्या सप्टेंबरात अठरा वर्षांचे गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. उतरताना थंडीच्या तोंडावर अंगात पांढरे फ्लॅनेलचे कपडे. इतरांचं पाहून सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या हवाली केलेलं. वर दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सामान मिळायचं नाही. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. त्याच लंडनमध्ये पुढे ते बसच्या भाड्याचा, टपालाचा, वर्तमानपत्राचाही खर्च टिपू लागले आणि रोज झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवू लागले. ही सवय त्यांना जन्मभर पुरली. पैसे त्यांच्या हातात होते आणि हिशेब दुसरं कोणी ठेवणार नव्हतं. घरी, राजकोटला राहून ती सवय लागली असती का, मला खात्री नाही.

तेव्हा पालकसभेला मुलांनाही बोलवा, आणि पहिले प्रश्न त्यांना विचारू द्या. ती विचारतात ते प्रश्न आपल्याला सुचत नाहीत: रात्री भीती वाटली तर कोणाच्या खोलीचं दार वाजवायचं, पैसे संपले तर उसने घेतलेले चालतील का, गटापासून चुकलो तर आहे तिथेच थांबायचं की शोधायला निघायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेते. आहे तिथेच थांबायचं.

आणि सहल विमानतळावर संपत नाही. घरी आल्यावर ती बॅग बैठकीच्या खोलीत आडवी पडलेली असते. आत ओले मोजे, चॉकलेटचे कागद, नाणी, कोणाचा तरी टीशर्ट. आईचा हात आपोआप चेनकडे जातो. त्याला झोपू द्या, जेवू द्या, जपानबद्दल तासभर बोलू द्या, पण बॅग त्यालाच उपसू द्या. चार दिवस वास आला तरी चालेल. मळलेले कपडे वॉशिंग मशीनपर्यंत त्यानंच न्यावेत, आणि तो दुसऱ्याचा टीशर्ट धुऊन, घडी घालून, त्याच्या मालकाला शोधून परत द्यावा.