मी आपला साधा माणूस

औंढ्याकडच्या एका गावात एक भाऊ होते. होते म्हणजे आहेत. अजून हळद करतात आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांच्या आधी उठतात. हाडाचा शेतकरी, अडीनडीला धावणारा, सप्त्याच्या पंगतीला हात आखडता न घेणारा. खोड एकच. स्वतःची थोरवी सांगायची, पण मान खाली घालून.

२०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. भाऊंनी लगेच लिहिलं, "हे सगळ्या शेतकऱ्यांचं यश. माझा आपला खारीचा वाटा." सोबत फोटो. त्यात खार एकटीच, फेटा बांधून, नव्या ट्रॅक्टरला टेकून उभी. लेक मेडिकलला लागली तेव्हा तर रडगाणंच लावलं: "सरकारी कॉलेज मिळालं खरं, पण इतक्या लांब लेकरानं राहावं कसं? बापाच्या जिवाला नुसता घोर." आणि एकदा, "लोक उगीच सत्काराला बोलावतात. मी आपला साधा माणूस. शाली ठेवायला घरात जागा राहिली नाही."

उघड बढाई मारणारा माणूस मला परवडतो. तो चारचौघांत छाती फुगवतो, आपण हसतो, तो चहा पाजतो, हिशेब मिटला. मान खाली घालून बढाई मारणारा मात्र आपल्यालाच कामाला लावतो. तो म्हणणार, "मी कोण?" आणि आपण म्हणायचं, "छे छे भाऊ, तुमच्यासारखे तुम्हीच." म्हणजे फुशारकी त्याची आणि ती मारायची आपण! ओव्हुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर रीतसर प्रयोग करून २०१८ साली निबंध छापला. असं बोलणाऱ्यापेक्षा सरळ बढाई मारणारा लोकांना बरा वाटतो, कारण निदान तो मनातलं तरी बोलतो, असं त्यांना आढळलं. आमच्या पारावर हे आधीपासून ठाऊक होतं. फक्त भाऊंच्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. त्यांच्या ट्रॅक्टरची गरज कोणाला कधी पडेल, सांगता येत नाही.

एका वर्षी सप्त्याची शेवटची पंगत भाऊंची होती. काल्याच्या कीर्तनाला नरसीकडचे एक महाराज आले होते. वय झालेलं, आवाज बसलेला, पण नजर तिखट. कीर्तनाआधी कमिटीनं भाऊंच्या सत्काराची शाल काढली. भाऊंनी माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मी वारकऱ्यांच्या पायाची धूळ. या सत्काराला मी अजिबात पात्र नाही."

मांडवानं सवयीनं टाळ्यांसाठी हात उचलले. तेवढ्यात महाराजांनी शालीवर हात ठेवला.

"कामून?"

"अं?"

"पात्र कामून नाहीत, ते सांगा की. मला खरंच ऐकायचंय."

भाऊंनी कमिटीकडं पाहिलं. कमिटी मांडवाच्या झालरीकडं पाहायला लागली. बायकांच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं. भाऊंच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते म्हणाले, "तसं नाही महाराज... म्हणायची पद्धत असती."

"बरं," म्हणत महाराजांनी शाल भाऊंच्या खांद्यावर घातली, नीट सारखी केली आणि कीर्तनाला उभे राहिले.

म्हणाले, "औंढ्याला गेलात की पाहुण्याला काय दाखवता? नंदी देवळाच्या मागं आहे, ते. नामदेवांना कीर्तन मागं करा म्हणून हाकललं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं. ही गोष्ट आपल्याकडं पाळण्यातल्या लेकराला पाठ. कारण नामदेव आपले, नरसीचे, १२७० सालचा जन्म. पण दुसरी गोष्ट सांगायला आपली जीभ जड होती.

"तेरचे गोरोबाकाका, जातीचे कुंभार. संतांचा मेळा बसलेला. मुक्ताई म्हणाली, काका, यातली भाजलेली मडकी किती अन् कच्ची किती, बघा बरं. गोरोबांनी थापटणं घेतलं अन् एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप बसले. नामदेवांना मात्र राग आला. साक्षात पांडुरंग ज्याच्या हातचं जेवतो, त्याच्या डोक्यावर थापटणं? गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. सगळे हसले. नामदेव रडत पंढरीला गेले, तर देवही म्हणाला, गुरू कर. मग आपल्याच औंढ्याला विसोबा खेचर भेटले, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले.

"आता मला सांगा, ही फजिती आपल्याला कळली कुठून? नामदेवांच्या गाथेतच आहे ती. ते 'मी पामर' म्हणून थांबले नाहीत. कुठं बसलो होतो, कोणी मारलं, कोण हसलं, सगळं आलंय. धूळ म्हणवून घ्यायला काही लागत नाही हो. धुळीला कोण नावं ठेवणार? कच्चा कुठं राहिलो, ते सांगायला लागतं."

भाऊ पहिल्या रांगेत होते. शाल अंगावर, उकाड्याचे दिवस. काढावी तरी पंचाईत, ठेवावी तरी पंचाईत.

पुढं दीडेक महिना भाऊंचा ग्रुपवर आवाज नव्हता. दुसऱ्यांच्या वाढदिवसाला हार-फुलं टाकायचे, तेवढंच. मे महिन्यात हळद घेऊन हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात गेले. बीट सुरू झालं. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, तळातली एक कांडी काढली आणि कटकन मोडली. पॉलिश केलेली हळद वरून सगळी सारखीच चमकते. व्यापारी बघतो तो मोडल्यावर आतला रंग. कांडी चांगली निघाली. भाव पुकारला जाणार, एवढ्यात भाऊ म्हणाले, "थांबा. कडंची सहा पोती वेगळी लावा. शेवटचा कुकर घाईत उतरवला, मजूर नको म्हणत होता तरी. ती हळद कच्ची राहिली."

व्यापाऱ्यानं भाऊंकडं पाहिलं. त्या पोत्यांतली कांडी मोडली, मान हलवली आणि त्यांचा भाव कमी पुकारला. बाकीच्या ढिगाला चांगला लागला. अडत्यानं पट्टी केली. घरी आल्यावर भाऊंनी त्या मजुराला बोलावून चूक कबूलही केली. इथवर सगळं झकास.

पण माणूस एका कीर्तनात भाजून निघत असता, तर सप्ते दरवर्षी कशाला बसवावे लागले असते? रात्री ग्रुपवर पट्टीचा फोटो आला. खाली भाऊंनी लिहिलं होतं, "आज स्वतःहून कच्चा माल वेगळा काढला. नुकसान झालं. अडत्या म्हणाला, इतका खरा शेतकरी उभ्या यार्डात बघितला नाही. मला तर ऐकून लाजल्यासारखं झालं."

हात जोडलेली चित्रं धडाधड पडायला लागली. कमिटीनं 'अभिमान' लिहिलं. सप्त्याच्या तयारीसाठी महाराजांनाही ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि नंतर काढायचं राहून गेलं होतं, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांचा एकच शब्द आला.

"कामून?"